मसूदाचं जेवण

कॉलिन साहेबाने स्वतः खुर्ची मागे ओढली, रहिमतुल्लाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला जवळजवळ दाबूनच खाली बसवलं आणि म्हणाला, “सिट, रहीम. टुडे यू ईट. नो कुकिंग.” आजूबाजूच्या तीन-चार टेबलांवरून टाळ्या पडल्या. रहिमतुल्ला हसला. हात कुठे ठेवावेत ते न कळून त्याने ते आधी टेबलावर ठेवले, मग मांडीवर घेतले. वर पाहिलं तर समोर स्वयंपाकघराचं दार होतं. पंधरा वर्षं त्याने हे दार आतल्या बाजूने पाहिलं होतं, पायाने ढकललं होतं, त्याची बिजागरी कुरकुरली की तिला खोबरेल लावलं होतं. दाराला माणसाच्या तोंडाच्या उंचीवर एक गोल काच होती, थाळ्या घेऊन ये-जा करणारे एकमेकांवर आदळू नयेत म्हणून बसवलेली. आतून त्या काचेतून नीट काही दिसत नसे. हॉलमध्ये कायम संध्याकाळ असल्यासारखे पिवळे दिवे, आणि आत ट्यूबलाइटचा लख्ख उजेड. काचेत आपलंच तोंड दिसे. आज या बाजूला बसल्यावर त्याला दिसलं की इथून आतलं सगळं दिसतं. नवा कुक जोसेफ कढईवर वाकलेला दिसत होता. त्याच्या कपाळावरचा घाम दिसत होता, कानामागे खोचलेलं पेन दिसत होतं, शिंक यायच्या आधी त्याने केलेलं वाकडं तोंडसुद्धा दिसलं. म्हणजे मसूदाला दिसलं असणार. तीन वर्षांपूर्वी त्याची बायको याच हॉलच्या तोंडाशी उभी होती, आणि तो काचेला नाक लावून तिच्याकडे बघत होता, आणि तीन वर्षं तो धरून चालला होता की तिने आपल्याला पाहिलेलं नाही.

“काका, आज तुम्ही पाहुणे हं,” शेजारच्या टेबलावरून लीना म्हणाली. लीना आणि तिचा नवरा शैलेंद्र पुण्याचे. तो मनामातल्या एका बँकेत अधिकारी होता, आणि दर शुक्रवारी दुपारी दोघं इथे जेवायला येत. बहारिनमधल्या सार गावाच्या कडेला, बुदय्याच्या रस्त्यापासून जरा आत, खजुरांच्या झाडांमध्ये असलेल्या या पबात शुक्रवारी जागा मिळणं मुश्किल. पण जागा मिळाली नाही तरी कुणी परत जात नसे. लोक सरकून बसत. एका टेबलावरचा पाव दुसऱ्या टेबलावर जाई, कुणाचं बाळ कुणाच्या मांडीवर झोपे, रिफायनरीतला म्हातारा इंग्रज आणि कालच आलेली नर्स यांची ओळख कोलंबीच्या एका थाळीवर होई. दाराजवळ काळ्या फळ्यावर मालक कॉलिन रोज खडूने लिही : आजचा हामूर मासा बुदय्याच्या धक्क्यावरचा, टोमॅटो बू अलीच्या बागेतले, अंडी दिराझच्या म्हातारीची. लोक तो फळा वाचत आणि खूश होत. बू अली स्वतः कधी आत आला नाही. तो मागच्या फाटकाशी टोपल्या उतरवे, रहिमतुल्लाबरोबर एक चहा पिई, आणि दारूचं घर म्हणून उंबरठ्याच्या आत पाऊल न टाकता निघून जाई. त्याचं बरं होतं. त्याला टोपली ठेवून जाता येत होतं.

रहिमतुल्ला इथे आला तो ब्याऐंशी साली. श्रीवर्धनच्या अलीकडचं त्याचं गाव. बाप मुंबईत बोटीवर भंडारी होता, म्हणजे खलाशांचं जेवण रांधणारा, आणि तोच हात मुलाकडे आला. मनामाच्या ज्या हॉटेलच्या व्हिसावर तो आला ते सहा महिन्यांत बंद पडलं. चुलतभाऊ ताहिर गुदैबियात राहत होता. त्याच्या खोलीत दीड महिना जमिनीवर झोपल्यावर कॉलिनचा माणूस भेटला. जागा पबची आहे हे पहिल्या दिवशीच कळलं होतं. त्याने ठरवलं, चार महिने करू, तोवर दुसरं बघू. घरी लिहिलं, एका इंग्रजाच्या हॉटेलात लागलो. हे खोटं नव्हतं. मग चार महिन्यांचं वर्ष झालं, गावच्या मशिदीला त्याने पाठवलेल्या पैशांतून जाजमं आली, जमातीच्या बैठकीत त्याच्या थोरल्या भावाला पुढे बसवू लागले, आणि ‘इंग्रजाचं हॉटेल’ हे दोन शब्द इतके जुने झाले की ते बदलायला गेलो तर भिंतच खाली येईल असं वाटायला लागलं. त्याने स्वतः कधी थेंबाला हात लावला नाही. वाइन घालायचे पदार्थ विन्सेंट करायचा. विन्सेंट मंगळूरकडचा, बारमागे उभा राहणारा, पण तेवढ्यापुरता आत यायचा. रहिमतुल्ला तेव्हा मागच्या दाराशी जाऊन उभा राही. हे सगळं मसूदाला सांगितलं असतं तर तिला समजलं असतं, असं त्याला आता वाटत होतं. तेव्हाही वाटत होतं. मात्र समजलं असतं हे माहीत असताना त्याने का सांगितलं नाही, हे त्याला सांगता आलं नसतं.

जोसेफने थाळी पाठवली. हामूर, त्याच्याच पद्धतीने, आलं-लसूण-कोकमात मुरवून तव्यावर. ही पद्धत त्याच्या आईची. इथल्या इंग्रजांनी तिला ‘रहीम्स फिश’ नाव दिलं होतं. थाळी समोर आली तेव्हा त्याला नवल वाटलं ते एवढ्याचंच, की आतून इतकी वाफाळती जाणारी थाळी इथे पोचेपर्यंत शांत होते. पंधरा वर्षं आपण लोकांना असं खायला घातलं आणि आपल्याला माहीत नव्हतं. सगळे बघत होते म्हणून त्याने पहिला घास घेतला आणि मान हलवली. पुन्हा टाळ्या. रिफायनरीतला म्हातारा उठून आला आणि त्याचा हात दोन्ही हातांत धरून काहीतरी लांबलचक बोलला. त्यातलं “होम” एवढं रहिमतुल्लाला कळलं. कायमचं घरी परतायचं, मंगळवारचं विमान होतं. व्हिसा कॅन्सल झाला होता.

मसूदा आली ती चौऱ्याण्णवच्या मे महिन्यात, तीन महिन्यांच्या व्हिजिटवर. बारा वर्षांत पहिल्यांदा. ताहिरने एक खोली मोकळी करून दिली होती. गुदैबियाच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत ते दोघं चाळीशी-पन्नाशीची माणसं नव्या नवरा-नवरीसारखी अवघडून राहिली होती. त्यांचा संसार म्हणजे दर दोन वर्षांनी पंचेचाळीस दिवस. रोज एकमेकांसमोर उठण्याची कुणालाच सवय नव्हती. ती पहाटे उठून भाकऱ्या करायची. तो म्हणायचा, हॉटेलात मिळतं मला. “काय मिळता?” ती विचारायची. “सगळा मिळता.” “मंग माना एक दिवस न्या की. मी एका बाजूला बसन. बाईमाणसा येतात ना तिथं?” तो म्हणाला, येत नाहीत. पुरुषांचीच मेस आहे, कंपनीची. तिने मान हलवली. मग दोन दिवसांनी भांडी घासताना पाठमोरीच म्हणाली, “लगीन झाल्यापास्ना मी सगल्यांना वाढतंय. माना वाटला, एकदा कुनी माना वाढील. तुमच्या हातचा. मेजावर.” आणि हसली, जणू स्वतःच्याच हौसेचं तिला हसू आलं. त्याने ऐकलं न ऐकलंसं केलं. त्या वेळी नाझिशचं, त्यांच्या मुलीचं, म्हसळ्याच्या एका घरात जमत आलं होतं. मुलाचा बाप पेशइमाम. एक शब्द इकडून तिकडे गेला असता तर लग्न मोडलं असतं. हे कारण खरं होतं. पण नाझिशचं लग्न झालं, तिला मुलगा झाला, आणि मग कारण उरलं नाही तरी तो गप्पच राहिला. तेव्हा खरं कारण हे नसावं.

“काका, काकू कधी आल्या नाहीत का हो बहारिनला?” लीनाने विचारलं. ती खुर्ची वळवून त्याच्याकडे तोंड करून बसली होती. तिच्या मराठीत आपुलकी होती, आणि गेली सहा वर्षं दर शुक्रवारी जाताना ती दार अर्धं उघडून “काका, मस्त!” असं ओरडून जायची. रहिमतुल्लाच्या तोंडात घास होता. तो चावून गिळेपर्यंत त्याला वेळ मिळाला. आत्ता सांगता आलं असतं. आली होती, त्या दारापर्यंत आली होती, असं सहज म्हणता आलं असतं. लीनाने काही विचारलंही नसतं. तो म्हणाला, “नाय, त्यांना नाय जमला यायला. गुडघे दुखतात.” लीना म्हणाली, “अय्या, मग इथला हा मासा त्यांना माहीतच नाही?” आणि शैलेंद्र हसला, आणि रहिमतुल्लाही हसला. त्याच्या लक्षात आलं, की आपण आज पुन्हा तेच केलं, दुसऱ्यांदा. पहिल्या वेळी निदान घाई झाली होती.

मसूदा त्या दारापर्यंत आली तो गुरुवार होता. दुपारचे अडीच-तीन. मे महिन्याचा शेवट, बाहेर पांढरं ऊन, रस्त्यावर चिटपाखरू नाही. हॉलमध्ये डार्ट्सची मॅच चालू होती आणि गलका होता. विन्सेंटने दार ढकलून डोकं आत घातलं. “रहीमभाई, दो लेडीज आई हैं. तुमको पूछती हैं.” तो काचेपाशी गेला. त्या वेळी बाहेरचं दार उघडं होतं म्हणून तेवढं दिसलं : उन्हाच्या चौकोनात दोन काळे बुरखे. एक उंच, ती ताहिरची बायको जमीला. दुसरी बुटकी, एका पायावर जरा भार टाकून उभी, चेहऱ्यावरचा पडदा मागे टाकलेला. चालून आल्या असणार. बसच्या थांब्यापासून मैलभर तरी रस्ता होता, आणि वाटेत सावलीला झाड एक नाही. मसूदाचा चेहरा लाल झाला होता. ती बाटल्यांच्या रांगेकडे बघत नव्हती. ती हळूहळू मान फिरवून टेबलं बघत होती, माणसं बघत होती, कुणाच्या पुढ्यात काय वाढलंय ते बघत होती, जत्रेत आलेल्या मुलीसारखी. आणि रहिमतुल्लाला, देवाशपथ, पहिला क्षणभर आनंद झाला होता. हे तो कुणाला सांगू शकला नसता, पण झाला होता. आली बघ, असं वाटलं होतं. मग विन्सेंट “क्या बोलूँ?” म्हणाला, आणि त्याच्या तोंडून निघालं, “बोल, छुट्टी पे है.” विन्सेंटने त्याच्याकडे एकदा पाहिलं. “छुट्टी?” “हां. यल्ला, जा.” विन्सेंट गेला. रहिमतुल्ला काचेपासून बाजूला झाला नाही. बाजूला व्हायला हवं होतं. विन्सेंट काहीतरी बोलला, मसूदा काहीतरी बोलली, विन्सेंट परत बोलला. तिने एकदा सरळ दाराकडे पाहिलं. मग पडदा खाली घेतला आणि त्या दोघी उन्हात गेल्या.

संध्याकाळी तो खोलीवर गेला. तिने दार उघडलं, पाणी दिलं. जेवायला वाढलं. भेंडीची भाजी होती. तो वाट पाहत राहिला. ती नाझिशच्या शालूबद्दल बोलली, जमीलाच्या मुलाच्या शाळेबद्दल बोलली. तिने काही विचारलं नाही तेव्हा त्याने सुटकेचा श्वास टाकला, आणि त्याच रात्री स्वतःची समजूत घातली : तिला वाटलं असेल, पत्ता चुकला. जमीलाने चुकीच्या ठिकाणी नेलं. ती फक्त इतकंच म्हणाली, की इथलं ऊन फार बाधतं. त्यानंतर बाराव्या दिवशी, व्हिसाचे दोन महिने शिल्लक असताना, ती परत गेली. नाझिशच्या लग्नाची तयारी आहे म्हणाली. शहाण्णवला त्याने पुन्हा व्हिजिट काढतो म्हणून फोन केला, तर तिने गुडघे पुढे केले. तेच गुडघे मघाशी त्याने लीनाला दिले.

विन्सेंट टेबल पुसायला आला. त्याचे केस आता पार पांढरे झाले होते. रहिमतुल्लाने त्याच्या मनगटाला धरलं. “विन्सेंट, वो दिन... वो क्या बोली थी?”

विन्सेंटने कोण, कुठला दिवस, असं काही विचारलं नाही. हातातलं फडकं घडी करत तो समोरच्या खुर्चीवर टेकला. “पानी माँगा,” तो म्हणाला. “मैं ने बार से ग्लास लाया. उसने पूछा, इसमें दारू डालते हो? मैं झूठ नहीं बोला. तो बोली, रहने दो भाई.”

“और?”

“और पूछा, आप लोग का कुक खाना कहाँ खाता है. मैं बोला, पीछे. सिलिंडर के पास. खड़े खड़े. मैं हँसके बोला था, रहीमभाई. मेरे को क्या मालूम कौन है. मेरे को लगा कोई गाँववाली है, कुछ काम होगा.”

“फिर?”

“फिर कुछ नहीं. बोली, बैठने का टाइम नहीं मिलता क्या उनको. बस. चली गई.”

कुणीतरी बारवरून हाक मारली आणि विन्सेंट उठला. रहिमतुल्ला थाळीकडे बघत बसला. पाण्याचं त्याला ठाऊक नव्हतं. तीन वर्षं त्याला वाटत होतं की ती आपली चोरी पकडायला आली. कुणीतरी तिच्या कानात सांगितलं, म्हणून ती बाटल्या मोजायला आली. आणि ती आपला नवरा जेवतो कुठे ते बघायला मैलभर उन्हातून आली होती. आतमध्ये, दहा पावलांवर, त्याच्या हाताशी माठ होता. आपल्या लोकांसाठी वेगळा ठेवलेला, स्वच्छ. मागच्या दाराने जाऊन देता आलं असतं. काही न सांगता देता आलं असतं. माणूस इतका घाबरलेला असू शकतो, की पाणी द्यायचंही सुचू नये? की तो घाबरलेला नव्हताच, फक्त या दोन घरांमध्ये विभागून राहण्याची त्याला इतकी सवय झाली होती, की एका घरातलं माणूस दुसऱ्यात दिसलं तर ते त्याचं कुणीच लागत नसे? त्याने थाळी संपवली. सगळे बघत होते म्हणून संपवली. कॉलिनने घड्याळ दिलं, फोटो काढले, लीनाने मुलांसाठी चॉकलेटचा डबा दिला. रहिमतुल्लाने सगळ्यांचे हात हातात घेतले आणि “थँक्यू, थँक्यू” म्हणत बाहेर आला. मागच्या दाराने नाही, पुढच्या.

गुदैबियात पोचेपर्यंत तिसऱ्या प्रहरची, असरची अजान होऊन गेली होती. ताहिरच्या इमारतीखाली फोनचा बूथ होता. त्याने कार्ड घातलं. गावी आता सहा-साडेसहा झाले असतील, दिवेलागणीची वेळ. तिकडे फोन मसूदानेच उचलला.

“कोन?”

“मी.”

“आज शुक्रवार. तुमी कामावर नाय?”

“आजपास्ना काम संपला. आज मी तिथं जेवलो. मेजावर बसून.”

लांबून, तिच्या मागून, कोंबड्या डालण्याचा आवाज येत होता.

“मसूदा, तू त्या दिवशी माना बघितलास?”

ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, “बघितला. तुमच्या डोक्यावर पांढरी टोपी होती.”

“मंग बोलली का नायस?”

“तुमी बोलाल म्हनून थांबले. बारा दिवस थांबले.”

त्याने बूथच्या काचेला कपाळ टेकलं. काच तापलेली होती. “ते दारूचा घर हाय, मसूदा. पंधरा वर्सं मी...”

“ठाव हाय माना. जमीलानं वाटेतच सांगितला. मी म्हटला, असू दे, चला. आलंव तर बघून जाव. दारूचा माना काय नाय वाटला. मानूस पोटासाठी कुठं बी जाता. तुमी माना वलखला नाय, त्याचा वाटला.”

“चूक झाली,” तो म्हणाला. एवढे दोनच शब्द आले, आणि ते इतके तोकडे होते की त्याला ते परत घ्यावेसे वाटले. “मंगलवारी येतोय. सगल्यांना सांगतो मी. जमातीत उभा ऱ्हाऊन सांगतो.”

“नका,” ती पटकन म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. “तसा काय करू नका. जमीलाच्या भावानं इथं दोन वर्सांमागं काय बाय पसरवलेला. नाझिशच्या सासऱ्यानं माना समोर बसवून विचारला. मी सांगितला, मी सोता गेली होती. घरंदाज होटेल हाय. बायका येतात, पोरा येतात. मी तिथं जेवली.”

“तू जेवली?”

“हां. मग पुढं सगल्यांनीच विचारला. लग्नात, मयतीत. काय जेवलीस, कशी बसलीस. दर वेळी सांगावा लागला. आता लोकांना पाठ झालाय. तुमी येताय तर एक सांगा माना. तिथं कोलंबी मिलते ना? मी कोलंबी सांगितलीय.”

“मिलते,” रहिमतुल्ला म्हणाला. “बुदय्याची. ताजी.”

“बरा झाला.”

“वाढली कुनी तुला?”

“तुमी.”

बूथबाहेर एक बंगाली माणूस नंबर लागण्याची वाट बघत उभा होता. रहिमतुल्लाने त्याच्याकडे पाठ केली आणि फोन दोन्ही हातांनी धरला. “आनि मी? मी पन बसलो तुझ्याबरोबर?”

“नाय,” मसूदा म्हणाली. “लोकांनी विचारला तसा. पन तुमी माझ्या बाजूला बसलात, असा नाय सांगितला मी. तेवढा खोटा माना बोलवला नाय.”